अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड: उच्चार कसा करायचा, औषध कसं घ्यायचं

प्रश्न: डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाच्या वेष्टनावर लांबलचक नाव आहे. घरात कोणी ‘अमॉक्सिलिन’ म्हणतं, कोणी ‘अमॉक्सिसायक्लिन’, आणि दुसरा भाग तर कुणाच्याच जिभेवर येत नाही. बरोबर उच्चार कोणता? आणि चुकला तर काही बिघडतं का?

उत्तर: पहिलं नाव ‘अ-मॉक्-सि-सि-लिन’ असं तोडून म्हणा. जोर दुसऱ्या ‘सि’वर द्यायचा. लागोपाठ दोन ‘सि’ येतात, घाईत त्यातला एक गळतो आणि ‘अमॉक्सिलिन’ ऐकू येतं. दुसरं नाव ‘क्लॅव्-यु-लॅ-निक’, इथे जोर ‘लॅ’वर. वेष्टनावर बहुतेक वेळा ‘पोटॅशियम क्लॅव्ह्युलॅनेट’ लिहिलेलं असतं, कारण गोळीत हे आम्ल पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात घालतात. औषध तेच. ब्रिटनमध्ये या जोडीला ‘को-अमॉक्सिक्लॅव्ह’ असं एकच सुटसुटीत नाव आहे, आणि परदेशातल्या चिठ्ठीवर ते दिसलं तर गोंधळू नका.

नाव कसं बनलं हे कळलं की ते जिभेवर बसतं. ‘सिलिन’ म्हणजे पेनिसिलिनचं घराणं. ‘अमॉक्सि’मध्ये त्या रेणूला जोडलेल्या अमिनो आणि हायड्रॉक्सी या दोन गटांची खूण आहे. ‘क्लॅव्ह्युलॅनिक’ हे नाव ज्या सूक्ष्मजीवापासून ते आम्ल मिळालं त्या ‘स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस’वरून आलं.

आता बिघडण्याबद्दल. ‘अमॉक्सिलिन’ म्हटल्यानं सहसा काही होत नाही, औषधविक्रेत्याला कळतं. ‘अमॉक्सिसायक्लिन’ मात्र टाळा. त्या नावाचं औषधच नाही, आणि ‘सायक्लिन’ ऐकल्यावर समोरच्याचं मन डॉक्सिसायक्लिनकडे जातं. ते अगदी वेगळ्या घराण्याचं प्रतिजैविक आहे. सगळ्यात धोक्याची गल्लत ‘क्लॅव्ह’ आणि ‘क्लॉक्स’ यांची होते. अमॉक्सिसिलिन काही कॅप्सुलांमध्ये क्लॉक्सासिलिनबरोबरही येतं. फोनवर ‘अमॉक्सिक्लॅव्ह’ आणि ‘अमॉक्सिक्लॉक्स’ यांतला फरक पुसटसा ऐकू येतो, पण औषधं निराळी आणि त्यांचे उपयोगही निराळे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन यांची सुरुवातही ‘क्ल’नेच होते. म्हणून तोंडी सांगताना दोन्ही नावं सुटी म्हणा आणि प्रत्येकामागे त्याचं वजन जोडा: ‘अमॉक्सिसिलिन पाचशे, क्लॅव्ह्युलॅनिक एकशे पंचवीस’. उच्चार थोडा डळमळला तरी आकडे गाडी रुळावर ठेवतात. कंपनीचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या आणि सिरपं विकली जातात.

प्रश्न: नावाच्या शेवटी ‘सिन’ आलं की प्रतिजैविक, असं समजायचं का?

उत्तर: नाही. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आहे, डिजॉक्सिन हृदयाचं औषध, प्राझोसिन रक्तदाबाचं. ब्लिओमायसिन आणि मायटोमायसिन यांच्या शेवटी तर चक्क ‘मायसिन’ आहे, पण ती कर्करोगाच्या उपचारात वापरतात. पेनिसिलामाइन हे पेनिसिलिन नव्हे. शरीरात तांबं साचणाऱ्या विल्सन रोगात ते देतात, आणि या दोन नावांत गफलत झाली तर ती फार महागात पडते.

तरीही शेपटं अगदीच निरुपयोगी नाहीत. जागतिक आरोग्य संघटना औषधांना आंतरराष्ट्रीय मूळ नावं ठरवून देते, आणि त्यांची पहिली यादी १९५३ साली आली. त्या पद्धतीत ‘सिलिन’ म्हणजे पेनिसिलिनं, सुरुवातीचं ‘सेफ’ म्हणजे सेफॅलोस्पोरिनं, ‘सायक्लिन’ म्हणजे टेट्रासायक्लिनं, ‘फ्लॉक्सासिन’ म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनचं कुटुंब, आणि ‘बॅक्टम’ म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिकसारखंच साहाय्यकाचं काम करणारी औषधं. वाचकांनी निदान ‘सिलिन’ ओळखायला शिकावं असं आम्हाला मनापासून वाटतं. ज्याला पेनिसिलिनची खरी ॲलर्जी आहे त्याला ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन, पिपरासिलिन अशी कुठलीही ‘सिलिन’ विचारल्याशिवाय घेता येत नाहीत, आणि ती पाटी नावातच लावलेली असते.

प्रश्न: नुसतं अमॉक्सिसिलिन असताना त्यात दुसरं औषध कशाला? आणि जोडगोळी ‘जास्त ताकदीची’ असेल तर घसादुखीवर तीच घेतलेली बरी नाही का?

उत्तर: अमॉक्सिसिलिन १९७२ साली ब्रिटनमध्ये वापरात आलं. त्याच्या रेणूत चार अणूंचं एक कडं असतं, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. जिवाणू आपली भिंत बांधत असताना हे कडं त्या कामात अडथळा आणतं आणि जिवाणू फुटतो. काही जिवाणू यावर उपाय म्हणून बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. ते हे कडं तोडून टाकतं आणि औषध निकामी होतं. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतः जिवाणू फारसे मारत नाही. ते त्या विकराला चिकटून त्याला कायमचं बंद पाडतं, आणि मग अमॉक्सिसिलिनला मोकळं रान मिळतं. ही जोडी १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ऑगमेंटिन’ नावानं बाजारात आली.

यातून एक गोष्ट निघते, ती नीट लक्षात घ्यावी. जिथे जिवाणू हे विकर बनवतच नाही, तिथे क्लॅव्ह्युलॅनिकचा काडीचाही उपयोग नाही. जिवाणूंमुळे होणाऱ्या घसादुखीचं मुख्य कारण ‘अ’ गटातला स्ट्रेप्टोकोकस. तो बीटा-लॅक्टमेज बनवत नाही आणि साध्या पेनिसिलिनला आजही बळी पडतो. म्हणून तिथे साधं पेनिसिलिन किंवा नुसतं अमॉक्सिसिलिन, रूढ पद्धतीनं १० दिवस, हेच योग्य. जोडगोळी घेतली तर पदरी जुलाब पडतील, गुण जास्त येणार नाही. शिवाय बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. तिथे दोन्हीही व्यर्थ.

न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूचा प्रतिकार वेगळ्या वाटेनं येतो. तो औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच बदलतो. त्यामुळे तिथे क्लॅव्ह्युलॅनिक वाढवून फरक पडत नाही, अमॉक्सिसिलिनची मात्रा वाढवावी लागते. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसचीही हीच कथा, आणि तिथे तर मात्रा वाढवूनही काही साधत नाही.

मग जोडी कुठे कामाची? अमॉक्सिसिलिन देऊनही न उतरलेला मधल्या कानाचा संसर्ग, जिवाणूजन्य सायनसचा त्रास, दाढेच्या मुळाशी पसरलेला पू, आणि प्राण्याचा किंवा माणसाचा चावा. कुत्र्या-मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जिवाणू असतो, शिवाय विकर बनवणारे इतरही असतात. या सगळ्यांना एकदम आवरणारं तोंडी औषध म्हणून चाव्यात हीच पहिली निवड असते. मांजराचा चावा वरून लहान दिसतो, पण दात खोल जातात, तेव्हा तो हलक्यात घेऊ नका. आणि रेबीजची लस हा पूर्णपणे वेगळा विषय आहे. प्रतिजैविकानं रेबीज टळत नाही, जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं १५ मिनिटं धुऊन लशीसाठी लगेच जायचंच.

प्रश्न: ६२५ ची गोळी संपली आहे, घरात ३७५ च्या आहेत. दोन घेतल्या तर चालेल का?

उत्तर: नाही. ६२५ हा बेरजेचा आकडा आहे: ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक. ३७५ मध्ये २५० आणि १२५ असतात. दोन घेतल्या तर अमॉक्सिसिलिन ५०० होतं खरं, पण क्लॅव्ह्युलॅनिक २५०, म्हणजे दुप्पट. १००० च्या गोळीत ८७५ आणि १२५ असतात. पाहा, तिन्ही गोळ्यांत क्लॅव्ह्युलॅनिक १२५ च आहे. त्याचं कारण असं की पोटाला आणि यकृताला त्रास मुख्यतः त्याचाच होतो, आणि विकर बंद पाडायला तेवढं पुरतं.

मोठ्या माणसात ६२५ ची गोळी सहसा दर ८ तासांनी आणि १००० ची दर १२ तासांनी देतात. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलं असेल, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असेल, तर ८७५ असलेली गोळी वापरत नाहीत. डायलिसिसवर असलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी हे स्वतःहून सांगावं, विचारण्याची वाट पाहू नये.

गोळ्या पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नका. क्लॅव्ह्युलॅनिक हवेतला ओलावा फार पटकन शोषतं आणि खराब होतं. ॲल्युमिनियमचं जाड वेष्टन आणि कधी त्यासोबतची ओलावा शोषणारी पुडी ही त्यासाठीच असते. घ्यायच्या वेळीच गोळी फोडा. गोळीवर डाग पडले असतील, ती फुगली किंवा मऊ पडली असेल तर टाकून द्या.

प्रश्न: मुलाच्या कोरड्या सिरपमध्ये पाणी कसं घालायचं? मागच्या वेळी तळाशी गोळे राहिले. आणि मात्रा ‘चमच्यानं’ दिली तर चालते का?

उत्तर: आधी बंद बाटली हातावर आपटून आणि उलटसुलट हलवून भुकटी सुटी करा. तळाला गच्च बसलेल्या भुकटीवर पाणी ओतलं की बाहेरून ओला थर धरतो आणि आत कोरडे गोळे राहतात. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या. कोमट पाण्यात लवकर विरघळेल असं वाटतं, पण उष्णतेनं क्लॅव्ह्युलॅनिकचं विघटन होतं. बाटलीवरच्या खुणेपर्यंत एकदम पाणी भरू नका. आधी निम्मं ते दोन तृतीयांश घालून जोरात हलवा, भुकटीचा मागमूस राहता कामा नये. मग फेस बसू द्या. आता खुणेपर्यंत उरलेलं पाणी घाला आणि पुन्हा हलवा. सोबत मोजलेल्या पाण्याची कुपी आली असेल तर मात्र ती सूचनेप्रमाणे पूर्ण वापरायची.

फेसाच्या वरच्या कडेला पातळी समजलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक मात्रा जास्त ताकदीची होते. गोळे राहिले तर सुरुवातीच्या मात्रा पातळ आणि शेवटच्या घट्ट निघतात, म्हणजे ज्या दिवसांत औषधाची सर्वांत गरज तेव्हाच ते कमी पोचतं. दर वेळी देण्याआधी बाटली हलवायची तीही याचसाठी.

तयार सिरप २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे शीतकपाटात ठेवा, पण दाराच्या कप्प्यात नको आणि बर्फाच्या खणात तर नकोच. ते किती दिवस चालतं ते वेष्टनावर असतं, ७ किंवा १०. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवा. उरलेलं पुढच्या आजारपणासाठी जपू नका. पांढरट रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला तर मुदत असली तरी फेकून द्या.

चमचा नको. घरोघरी चमचे वेगवेगळे, आणि तोच चमचा निम्मा भरला की पूर्ण हे देणाऱ्यावर ठरतं. मिलिलिटरच्या खुणा असलेली तोंडी सिरिंज वापरा. मुलाला बसतं करून ती गालाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि थोडं थोडं सोडा. सरळ घशात सोडलं तर ठसका लागतो. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नका. मूल अर्धी बाटली सोडतं आणि किती औषध पोटात गेलं ते कळायला मार्ग उरत नाही.

मात्रा मुलाच्या वजनावर आणि बाटलीच्या ताकदीवर ठरते, वयावर नव्हे. समजा मूल १२ किलोचं आहे आणि डॉक्टरांनी दिवसाला किलोमागे ४५ मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन ठरवलं. दिवसाचे ५४० मिलिग्रॅम, दोन वेळांत वाटले तर प्रत्येकी २७०. ज्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये अमॉक्सिसिलिन ४०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक ५७ आहे, त्याचे जवळपास ३.४ मिलिलिटर होतात. ज्याच्या ५ मिलिलिटरमध्ये २०० आणि २८.५ आहे, त्याचे ६.७५. वेष्टनावर मोठ्या अक्षरात बहुधा बेरीज छापलेली असते, ४५७ किंवा २२८.५. दुकानात दुसऱ्या ताकदीची बाटली मिळाली आणि मिलिलिटर जुनेच ठेवले, तर मुलाला दुप्पट किंवा निम्मं औषध जातं. घरी होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत सहज घडणारी चूक आहे. बाटली बदलली की डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला मिलिलिटर पुन्हा विचारा, संकोच करू नका.

प्रश्न: हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर? आणि जुलाब सुरू झाले तर बंद करायचं का?

उत्तर: जेवणाला सुरुवात करताना, पहिल्या घासाबरोबर. अमॉक्सिसिलिनला जेवणानं फरक पडत नाही, पण क्लॅव्ह्युलॅनिक तेव्हा चांगलं शोषलं जातं आणि पोट कमी ढवळतं. मोठ्यांमध्ये अमॉक्सिसिलिनची रक्तातली पातळी साधारण तासाभरातच निम्म्यावर येते. हे औषध एका क्षणी किती उंच गेलं यापेक्षा पुरेशा पातळीवर किती वेळ राहिलं यावर काम करतं. म्हणून ८ तासांची गोळी सकाळी ६, दुपारी २, रात्री १० अशी विभागून घ्या. सकाळ, दुपार आणि लगेच संध्याकाळ असं केलं तर रात्रभर जिवाणूंना मोकळीक मिळते. एक वेळ चुकली तर आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नयेत.

दिवसातून दोन-तीनदा सैल शौचाला होणं या औषधात नेहमीचं आहे. पाणी आणि क्षारसंजीवनी घेत राहा, औषध आपणहून थांबवू नका. पण पाण्यासारखे बरेच जुलाब, रक्त, ताप किंवा पोटात पिळवटून येणं, यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. प्रतिजैविकानं आतड्यातले नेहमीचे जिवाणू कमी झाले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू माजतो. हा त्रास औषध संपल्यावर कित्येक आठवड्यांनीही होऊ शकतो. अशा वेळी जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनानं घेणं घातक ठरतं.

प्रश्न: लहानपणी अमॉक्सिसिलिननंतर अंगावर पुरळ उठलं होतं. तेव्हापासून ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असं लिहिलं जातं. आता वीस वर्षांनी ते खरं मानायचं का?

उत्तर: खरं असेलच असं नाही, आणि ते तपासून घेण्याजोगं आहे. अमेरिकेत सुमारे १० टक्के लोक आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगतात. तपासणी केल्यावर खरी ॲलर्जी निघणारी माणसं मात्र एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी असतात. लहान मुलांत पुरळ पुष्कळदा मूळ विषाणूसंसर्गाचंच असतं. एपस्टाइन-बार विषाणूच्या तापात अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर लाल पुरळ उठतं, पण ती कायमची ॲलर्जी नसते. शिवाय खरी, झटपट येणारी ॲलर्जीसुद्धा दहा वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांत मावळते.

म्हणून काय झालं होतं ते नेमकं आठवा, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. औषधानंतर तासाभरात गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, भोवळ आली, तर ते धोक्याचं लक्षण होतं. कातडीवर फोड येऊन सालं निघाली, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण झाले, तर ते औषध पुन्हा कधीच घ्यायचं नाही, तपासणीसाठीही नाही. पाचव्या-सातव्या दिवशी नुसतं सपाट पुरळ आलं आणि खाज बेताची होती, तर ॲलर्जीतज्ज्ञ रुग्णालयात त्वचेची चाचणी किंवा थोडी थोडी मात्रा देऊन खातरजमा करू शकतात. घरी एक गोळी ‘घेऊन बघणं’ हा मार्ग नाही.

ॲलर्जीच्या नोंदीत मूळ नाव पूर्ण लिहा. काहींना अमॉक्सिसिलिन चालतं आणि नुसत्या क्लॅव्ह्युलॅनिकची ॲलर्जी असते. सेफॅड्रॉक्सिल आणि सेफप्रोझिल या सेफॅलोस्पोरिनांच्या रेणूची बाजूची साखळी अमॉक्सिसिलिनशी जुळते, त्यामुळे तिथे जपावं लागतं. इतर अनेक ‘सेफ’ मात्र डॉक्टर देऊ शकतात. नुसतं ‘ॲंटिबायोटिकची ॲलर्जी’ असं लिहिलं तर यातलं काहीच ठरवता येत नाही, आणि मग गरज नसताना जास्त व्यापक औषध दिलं जातं.

प्रश्न: औषध संपून तीन आठवडे झाले. आता डोळे पिवळे दिसतात, अंगाला खाज आहे. याचा त्या गोळ्यांशी संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो. लगेच डॉक्टरांना दाखवा आणि गोळ्यांचं नाव व तारखा सांगा. या जोडगोळीनं क्वचित पित्ताचा प्रवाह अडून कावीळ होते, आणि ती औषध संपल्यावर काही आठवड्यांनी उमटते, म्हणूनच दोन्हींचा संबंध लावायचा राहून जातो. दोष बहुतेक क्लॅव्ह्युलॅनिकचा असतो. वयस्कर पुरुषांत आणि लांबलेल्या उपचारात हे जास्त दिसतं. बहुतेक जण बरे होतात. ज्याला एकदा या जोडीनं कावीळ झाली त्याला ती पुन्हा द्यायची नसते, तेव्हा ही नोंद कायमची ठेवा.

प्रश्न: बाकीच्या कुठल्या औषधांबरोबर हे घेताना सांभाळायचं? गर्भनिरोधक गोळी निकामी होते असं ऐकलं आहे.

उत्तर: गर्भनिरोधक गोळीचं काम हे औषध थेट बिघडवत नाही. तसं करणारं प्रतिजैविक म्हणजे रिफॅम्पिसिन आणि त्याचं कुटुंब. मात्र उलट्या किंवा जोराचे जुलाब झाले तर गोळी पूर्ण शोषली जात नाही, तेव्हा तेवढ्या काळापुरतं आणि त्यानंतर ७ दिवस दुसरं साधन वापरा. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांचं रक्त जास्तच पातळ होऊ शकतं, त्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, लवकर तपासून घ्यावा. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडायला वेळ लागून त्याची विषबाधा होऊ शकते. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरुवात करू नये. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर पुरळ उठण्याची शक्यता वाढते. गरोदरपणात दिवस भरण्याआधी पाणमोट फुटली असेल तर ही जोडी टाळतात, कारण त्यात नवजात बाळाच्या आतड्याला इजा होण्याचा धोका वाढल्याचं दिसलं आहे. तिथे एरिथ्रोमायसिनसारखा पर्याय डॉक्टर निवडतात.